विजेचा रंधा

मुलीने विजेचा रंधा दाराच्या वरच्या कडेवर ठेवला, खटका दाबला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ ढकलत नेला. पलीकडच्या टोकाला पोचताच कोपऱ्याची बोटभर ढलपी उडाली आणि व्हरांड्याच्या फरशीवर जाऊन पडली.

"अगं, थांब!" मिस्तरी खुर्चीतून ओरडले. पण यंत्राच्या त्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? शिवाय तिने कानांवर काहीतरी जाडजूड चढवलं होतं.

दार त्यांच्याच खोलीतल्या बैठ्या कपाटाचं होतं, बिजागऱ्या सोडवून व्हरांड्यात आणून उभं बांधलेलं. जेमतेम कमरेएवढं, तीस वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच्या हातांनी केलेलं. यंदा भिंतीची ओल लागून ते फुगलं आणि वरच्या बाजूने अडायला लागलं. हाताच्या रंध्याने दहा मिनिटांचं काम. पण हाताचा रंधा, पटाश्या, हातोड्या, सगळं पोत्यात बांधून माळ्यावर गेलं होतं. दीड वर्षापूर्वी मिस्तरींचे हात थरथरायला लागले, आणि मायलेकींनी परस्पर ठरवून टाकलं. विचारलं नाही, नुसतं सांगितलं. "अण्णा, तुमच्या काळजीपोटीच ना!"

काळजी! या एका शब्दाच्या नावाखाली माणसाचं काय काय काढून घेता येतं, याची मिस्तरींना आता चांगलीच कल्पना आली होती. आधी अवजारं गेली. मग दाढीचं पातं गेलं. मग सांडू नये म्हणून चहा अर्धाच कप मिळायला लागला, आणि उरलेला अर्धा मागून घ्यावा लागायचा. शर्टाची बटणं बायको लावून द्यायची, आणि लावताना मुद्दाम दुसरीकडे बघायची. तिच्या त्या दुसरीकडे बघण्याचा तर त्यांना सगळ्यात जास्त राग यायचा.

त्यात तीन महिन्यांपूर्वी मुलीने हे यंत्र आणलं. ती औषधाच्या दुकानात कामाला होती आणि सुट्टीच्या दिवशी मोबाइलमध्ये बघून बघून सुतारकाम शिकायची. चपलांची एक मांडणी झाली, मग एक डुगडुगणारं स्टूल झालं. आख्ख्या गल्लीची दारं-खिडक्या ज्या माणसाने बसवल्या, तो घरातच पाच हातांवर बसलेला असताना पोरगी मोबाइलला विचारत होती. बापाला एका शब्दाने नाही. मिस्तरींनीही स्वतःहून तोंड उघडलं नव्हतं. पण आज त्यांच्या कपाटाचा कोपरा उडाला होता.

मुलीने यंत्र बंद केलं, कानांवरचं काढलं आणि ती ढलपी उचलली.

"कोपरा उडाला, अण्णा."

"उडाला नाही, तू उडवलास! पातं किती खोल लावलंयस?"

"दोन मिलिमीटर. पटकन होईल म्हणून."

"दोन! गिऱ्हाईकाला खोकल्याची आख्खी बाटली एकदम पाजतेस का? पटकन बरा होईल म्हणून?"

"चिडू नका ना."

"चिडू नको तर काय टाळ्या वाजवू? दाराच्या दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या असतात. वरून बघ, त्यांची कापलेली तोंडं दिसतात. त्यांच्यावरून बाहेर ढकलत नेलंस तर ती फुटणारच. दोन्ही टोकांकडून आत यायचं आणि मध्ये थांबायचं. हे नाही सांगितलं तुझ्या मोबाइलने?"

"नाही सांगितलं."

"कसं सांगेल? कपाट काय त्याच्या बापाने केलंय?"

"अहो, डोकं शांत ठेवा," आतून बायकोचा आवाज आला. "कपाटाला काय एवढं धरून बसलाय!"

 आयुष्यभर मिस्तरी लाकडाला धरूनच बसले होते, म्हणून तर हे घर उभं होतं. ते आता कुणाला सांगायचं?

मुलीने पातं थोडं वर घेतलं आणि पुन्हा यंत्र चालू केलं. या वेळी ती टोकाकडून आत आली खरी, पण घाबरत घाबरत. सुरुवातीला पुढून दाब द्यायचा आणि शेवटी मागून, तर हिने नेमकं उलटं केलं. कड मध्येच खोलगट झाली. मिस्तरी उठले. गुडघ्यावर हात टेकून उठले, पण कुणाला हाक न मारता उठले, आणि तिच्या समोर जाऊन उभे राहिले.

"दे इकडे."

तिने यंत्र बंद केलं. मिस्तरींचे दोन्ही हात तिच्यासमोर पसरलेले होते, आणि दोन्ही थरथरत होते. उजवा जरा जास्तच. तिची नजर हातांवर गेलेली त्यांना दिसली.

"बघतेस काय? हात आहेत. दे."

"जड आहे, अण्णा."

"मी कपाटं पाठीवर घेऊन जिने चढलोय. मला जड सांगतेस?"

मुलीने स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं. मग हातातल्या ढलपीकडे पाहिलं, आणि यंत्र त्यांच्या हातात दिलं.

पात्याची खोली ठरवायची गोल मूठ पुढच्या बाजूला होती. ती फिरवताना मिस्तरींची बोटं दोनदा सटकली. मुलगी मदतीला पुढे होणार होती, पण तिने हात पाठीमागे बांधून घेतले. अर्ध्या मिलिमीटरवर खूण आली तेव्हा मिस्तरींनी खटका दाबला.

यंत्र गुरगुरलं आणि त्यांची बोटं, मनगटं, कोपर, सगळं थरथरायला लागलं. मघाशी तिचंही थरथरत होतं. कुणाचंही थरथरलं असतं. यंत्राच्या वजनाने हात लाकडावर दाबून धरले होते, त्यांना इकडेतिकडे जायला जागाच नव्हती. मिस्तरींनी पुढे दाब दिला, कडेवरून मध्यापर्यंत आले, मागे दाब दिला आणि अलगद उचललं. मग दुसऱ्या टोकाकडून. भुसा सरळ रेषेत बाहेर पडत होता. पुन्हा एकदा. पुन्हा एकदा. मुलीने केलेला खोलगटपणा हळूहळू कमी झाला आणि मग कुठे होता तेही कळेना.

आवाजाचा बाज बदललेला ऐकून बायको बाहेर आली. यंत्र कुणाच्या हातात आहे हे दिसताच तिने पदर तोंडाला लावला. ती तडक भिंतीपाशी गेली आणि मिस्तरींनी खटका सोडल्याबरोबर तिने प्लग उपटून काढला.

"बोटं आहेत ना जागेवर? आणि तू गं? तुला तरी अक्कल नको?"

"आधी कड मोज म्हणावं तिला," मिस्तरी म्हणाले. "बोटं मग मोज."

मुलीने कडेवर लोखंडी पट्टी उभी धरली आणि खाली वाकून पाहिलं. पट्टीखालून उजेडाची एक रेघसुद्धा येत नव्हती.  ती तशीच वाकून राहिली.

हे यंत्र बंद केल्या केल्या खाली ठेवत नाहीत. आतलं पातं काही क्षण फिरत राहतं. म्हणून मिस्तरी ते दोन्ही हातांनी धरून उभे होते. आवाज उतरत गेला आणि थांबला. व्हरांडा एकदम शांत झाला. यंत्र मात्र त्यांच्या हातात थरथरतच होतं, आणि त्याला चिकटलेला भुसा थोडा थोडा फरशीवर पडत होता.

"द्या ते इकडे," बायकोने हात पुढे केला.

"हात लावू नकोस," मिस्तरी खेकसले. "पातं फिरतंय अजून."

बायकोने स्वतःच्या हातातल्या प्लगकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. ती तोंड उघडणार तेवढ्यात मुलगी सरळ उभी राहिली.

"हो, आई. वेळ लागतो त्याला थांबायला," ती म्हणाली. "आणि तो प्लग लाव परत. खालची बाजू राहिलीय."

खालून दार कुठेच अडत नव्हतं. हे मिस्तरींइतकं चांगलं कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी मुलीकडे नीट पाहिलं. ती त्यांच्याकडेच बघत होती, त्यांच्या हातांकडे नाही.

"मग उलटं कर की ते दार!" ते ओरडले. "उभी काय राहिलीस?"