वहिनींची सायकल, भाऊजींचा फोन

त्या घरात कुठलंही नवीन यंत्र आलं की ते आधी भाऊजींच्या हातून जायचं आणि मग घरच्यांच्या हाती लागायचं. हा नियम कुणी केलेला नव्हता. तो चालत आला होता, आणि चालत आलेल्या गोष्टींना कुणी मध्येच अडवून, कुठे निघालात, असं विचारत नाही.

भाऊजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. राहायला पलीकडच्या रस्त्यावर, नोकरी विम्याच्या कचेरीत, उंची दाराच्या चौकटीला लागेल एवढी आणि ख्याती अशी की त्यांना ‘त्यातलं कळतं’. कशातलं, ते नेमकं कुणी विचारलं नव्हतं. गीझर त्यांनी फोनला जोडून दिला होता, तेव्हापासून पाणी किती तापायचं ते त्यांच्या फोनला ठाऊक असे आणि अंघोळ करणाऱ्याला पाठीवर कळे. कपडे धुण्याचं यंत्र काम संपल्यावर एक धून वाजवायचं; ती बंद कशी करायची हे भाऊजींनाच माहीत होतं आणि सांगायचं त्यांच्याकडून राहून जात होतं. टीव्ही अधूनमधून एक आकडा मागे. तो आकडा भाऊजींच्या फोनवर येई, म्हणून बातम्या बघायच्या तर आधी भाऊजी मीटिंगमधून बाहेर यावे लागत. वहिनींचे यजमान या सगळ्याला ‘आपल्याला काही बघावं लागत नाही’ असं म्हणत आणि ते अगदी खरं होतं. टीव्हीसुद्धा बघावा लागत नसे.

वहिनी स्वतः दातांच्या डॉक्टर. घरात, नात्यात, इमारतीत त्या सगळ्यांच्या वहिनी. दवाखान्याची पायरी चढल्या की मॅडम. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून पायऱ्या मात्र मोजक्याच चढत होत्या. दर रविवारी त्या आणि त्यांच्या तीन मैत्रिणी गावाबाहेरच्या टेकडीवर जात. म्हणजे मैत्रिणी वर जात. वहिनी खाली गाडीत बसत. माथ्यावर एक जुना मनोरा होता, तिथून धरणाचं पाणी दिसायचं म्हणे. ‘म्हणे’ अशासाठी की ऑपरेशननंतर वहिनींनी ते पाहिलं नव्हतं. चौघींची जाकिटं मांडीवर, किल्ल्या मुठीत, थर्मास पायाशी, अशी त्यांची रविवारची बैठक. मैत्रिणी खाली आल्या की वर काय मजा झाली ते सांगत, आणि वहिनी हसायच्या. हसून हसून जबडा दुखायला लागला तेव्हा त्यांनी विजेवर चालणारी माउंटन सायकल घेतली. कुणाला विचारलं नाही, सांगितलंही नाही.

सायकलच्या दुकानातला मेकॅनिक कमी बोलणारा होता. त्याने सीटवर बसवून दोन्ही पाय खाली सोडायला लावले, तळवे जमिनीला पुरते टेकले तिथे सीट घट्ट केली आणि म्हणाला, इथे खूण करून ठेवा. वहिनींनी पर्समधून नेलपॉलिश काढून सीटच्या दांडीवर लाल रेघ मारली. मोटरचे चार टप्पे होते: हँडलवरचं बटण दाबलं की एक, दोन, तीन, चार, आणि तेवढी मोटर पायाला जोर देणार. चढ येण्याआधीच गिअर हलका करायचा, चढावर दात-ओठ खात बदलायचा नाही. आणि ब्रेक दाबलेला नसताना पेडलवर पाय नुसता टेकवायचाही नाही, सायकल पुढे उडी मारते. हे शेवटचं वहिनी पहिल्याच संध्याकाळी विसरल्या आणि इमारतीच्या कचऱ्याच्या डब्याला भेटून आल्या. दुसऱ्या संध्याकाळी मात्र पार्किंगच्या उतारावरून त्या तिसऱ्या टप्प्यावर अशा काही वर आल्या की चौकीदार खुर्चीतून उठून उभा राहिला. गुडघ्याने हूं की चूं केलं नाही. त्याच रात्री मैत्रिणींना निरोप गेला: या रविवारी मी पण वर.

गुरुवारी दवाखान्यातून परत येतात तो पॅसेजमधली सायकल गायब.

यजमान वर्तमानपत्रात होते. पान न हलवता म्हणाले, की तो आला होता, घेऊन गेला. कंपनीचे पार्ट साधेच असतात म्हणाला, जरा अपग्रेड करून देतो.

“अहो, तुम्ही दिलीत?”

“अगं, त्याला कळतं त्यातलं.”

वहिनींनी पर्स टेबलावर ठेवली. जरा जास्तच सावकाश ठेवली. नवऱ्याला हे लक्षण ओळखता यायला हवं होतं, पण वर्तमानपत्र मध्ये होतं.

सायकल शनिवारी संध्याकाळी आली आणि तिच्याबरोबर भाऊजी आले, नवरदेवाच्या मामासारखे मिरवत. वहिनींच्या नजरेत आधी भरलं ते हँडल. ते बैलाच्या शिंगांसारखं दोन्ही बाजूंना पसरलं होतं. टायर जाड आणि दातेरी. पेडलांवर पाय घसरू नये म्हणून खिळे. सीट अरुंद आणि कडक, आणि खाली नवी दांडी: बटण दाबलं की सीट खाली जाते, पुन्हा दाबलं की वर येते. जुनी दांडी, लाल रेघेसकट, भाऊजींच्या गॅरेजमध्ये कुठेतरी पडली होती. भाऊजी एकेक पार्ट दाखवत होते, हे खऱ्या चढासाठी, ते खऱ्या उतारासाठी. ते सीटवर बसले आणि त्यांचे दोन्ही पाय आरामात जमिनीला टेकले. हँडल त्यांच्या हाताला बरोबर आलं, सीट त्यांच्या मांडीला बरोबर आली. शिंप्याने माप घेतल्यासारखी सायकल बेतली गेली होती. फक्त गिऱ्हाईक दुसरंच उभं होतं.

वहिनी बसल्या तेव्हा सीट अगदी तळाला नेऊनही एका पायाचा अंगठा कसाबसा टेकला.

“भाऊजी, पाय पुरत नाहीत माझे.”

“सवय होईल, वहिनी. खरे रायडर अशीच उंच ठेवतात.”

वहिनींनी जुने पार्ट परत लावायला सांगितलं. भाऊजी म्हणाले, उद्याच कशाला, पुढच्या आठवड्यात बघू. यजमान म्हणाले, एवढं केलंय त्याने तर वापरून तर बघ. दोघं भाऊ मग चहा घ्यायला आत गेले. मागे वहिनी आणि दुसऱ्याच कुणाची तरी सायकल, दोघीच राहिल्या. दुकान बंद झालेलं होतं आणि रविवार उजाडायला फार वेळ नव्हता. मैत्रिणींना शब्द दिलेला. जायचं तर असंच.

टेकडीचा कच्चा रस्ता सुरुवातीला सभ्य आहे. पहिल्या वळणापर्यंत मैत्रिणी भराभर चालत होत्या आणि वहिनी त्यांच्या बरोबरीने, ताठ बसून. दुसऱ्या वळणावर त्यांनी बटण दाबलं. ‘टिंग’ वाजलं, आकडा एकच राहिला. पुन्हा दाबलं. टिंग. एक. बटणाला सांगून काही होईना तसं त्यांनी गिअर हलका केला, पण ते जाड टायर खडीला चिकटून चालल्यासारखे वागत होते. तिसरं वळण आलं. तिथे रस्ता एकदम अंगावर येतो. गुडघ्यात सुई टोचावी तशी कळ आली, सायकल थांबली, वहिनींनी सवयीने पाय खाली टाकला आणि खाली जमीन नव्हती. जिथे असायला हवी तिथे नव्हती. त्या सायकलसकट आडव्या झाल्या आणि पेडलच्या खिळ्यांनी नडगीवर रांगोळी काढली.

मैत्रिणी धावत खाली आल्या. रुमाल, पाणी, हाडं शाबूत असल्याची खात्री. हे सगळं होऊन गेल्यावर वहिनींनी रस्त्याच्या कडेला बसून भाऊजींना फोन लावला. पडल्याचं सांगितलं नाही, बटणाचंच विचारलं. पलीकडून झोपेतला, प्रेमळ आवाज आला.

“हां, ते मीच एकवर लॉक केलंय. माझ्या फोनवरूनच उघडतं. महिनाभर सराव करा, मग दोन उघडून देतो. तुमच्या काळजीपोटीच हो.”

वहिनींनी फोन बंद केला. त्यांना वाटलं होतं रडू येईल. आला तो संताप, आणि असा की कान गरम झाले, हात मात्र गार आणि स्थिर. अवघड दाढ काढताना व्हायचे तसे. त्यांनी मैत्रिणींना वर जायला सांगितलं. त्या नाही म्हणत होत्या, तेव्हा वहिनींनी असं पाहिलं की तिघी निघाल्या. मग सायकल ढकलत, लंगडत त्या खाली आल्या आणि गाडीत बसल्या. जाकिटं मांडीवर. किल्ल्या मुठीत. थर्मास पायाशी.

घरी यजमानांनी नडगी पाहिली, हळहळले, औषध आणून दिलं आणि एवढ्यावर थांबले असते तर पुण्य पदरात पडलं असतं. पण ते पुढे म्हणाले, त्याने काळजीपोटीच केलं गं. वहिनींनी स्वतःच औषध लावलं, बाटलीचं झाकण घट्ट लावलं, आणखी घट्ट लावलं. ते झाकण आजतागायत कुणाला उघडता आलेलं नाही.

सोमवारी त्या सायकल घेऊन दुकानात गेल्या. मेकॅनिकने उजळणी केल्यासारखं सगळं एकदा पाहिलं आणि पहिल्यांदाच लांबलचक वाक्य बोलला. सीटची दांडी, हँडल, पेडल हे सगळं, जुनं आणून दिलं की, तो लगेच बदलून देईल, पण मोटरचं त्याच्या हातात नाही. कंपनीच्या ॲपमध्ये मालक म्हणून ज्याचं नाव आहे, त्याने आपल्या फोनवरून सायकल सोडली पाहिजे.

“मालक मी आहे,” वहिनी म्हणाल्या.

मेकॅनिकने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे फिरवला. मालकाच्या जागी भाऊजी होते.

आता योगायोग म्हणा किंवा दाढेचं दैव म्हणा, मंगळवारी संध्याकाळी भाऊजींची वेळ होती. खालची उजवी दाढ, रूट कॅनाल. घरातलीच डॉक्टर असल्यामुळे ते नेहमी शेवटची वेळ घेत, म्हणजे नंतर गप्पा मारत बसता येतं. खुर्चीत आडवे होताच त्यांनी विचारलं, काय म्हणते सायकल? वहिनींनी दिवा खाली ओढला.

“भुलीचं इंजेक्शन देते. देऊ का?”

भाऊजींनी मान हलवली. सुई गेली. हिरडी पांढरी पडली, मग ओठ, मग अर्धी जीभ कामावरून सुटली. वहिनींनी हातमोजे काढले, स्टूल ओढून समोर बसल्या आणि साडीचा काठ जरा वर घेऊन नडगी दाखवली. भाऊजींच्या डोळ्यांत पहिल्यांदाच ‘त्यातलं’ काही कळल्यासारखं दिसलं.

“भाऊजी, एवढी वर्षं तुमच्या दातांचं बघते. न विचारता कधी तुमच्या तोंडात हात घातलाय?”

भाऊजींनी मानेनेच नाही म्हटलं.

“फोन काढा.”

भाऊजी काहीतरी म्हणाले. अर्ध्या जिभेतून जे बाहेर आलं त्यात ‘काळजी’ हा शब्द असावा. वहिनी म्हणाल्या, की नाही काढलात तरी दाढ मी नीटच करणार आहे, त्याची भीती बाळगू नका. राग माझा आहे, दाढ तुमची. मी फक्त इथे बसून राहणार. आणि त्या खरंच बसून राहिल्या. लाळ ओढणारी नळी भाऊजींच्या ओठात सूं सूं करत राहिली. माणसाला स्वतःची बाजू मांडायची जिभेची सवय असते. ती जीभ रजेवर गेली की बाजू किती उरते ते त्या खुर्चीत दिसलं. भाऊजींनी खिशातून फोन काढला.

घरातली सगळी यंत्रं, सायकलसकट, भाऊजींनी एकाच ॲपमध्ये जोडली होती; ते उघडलं तशी यादी आली. गीझर. कपड्यांचं यंत्र. दिवाणखान्यातला टीव्ही. आणि सगळ्यांत खाली, सायकलच्या जागी: ‘वहिनी – शिकाऊ’.

वहिनींनी ते दोनदा वाचलं. आजवर त्यांना राग आला होता तो सायकलचा. आता तो यादीभर पसरला, गीझरपासून खालपर्यंत, आणि ती यादी बिनबोभाट चालू देणाऱ्या वर्तमानपत्रापर्यंत जाऊन पोचला. घरात त्या यंत्रांच्या रांगेत उभ्या होत्या, तेही सर्वांत शेवटी.

भाऊजींनी सायकल सोडली. वहिनींच्या फोनवर टिंग वाजलं. या टिंगला मात्र अर्थ होता. भाऊजींनी फोन खिशात ठेवायला घेतला.

“थांबा. आता टीव्ही.”

भाऊजींनी केविलवाणेपणाने गालाकडे बोट दाखवलं.

“तोंडाचं मी बघते. तुम्ही बोटं चालवा.”

टीव्ही झाला, गीझर झाला, ती धून वाजवणारं यंत्र झालं. मग वहिनींनी नवे हातमोजे घातले, सुरू करू का म्हणून विचारलं, आणि दाढ अशी केली की पुढे कुठल्याही डॉक्टरला तीत बोट दाखवायला जागा मिळू नये.

रविवारी टेकडीच्या पायथ्याशी गाडीतून पाच जण उतरले. वहिनींनी यजमानांना सोबत आणलं होतं. का, ते त्यांनी विचारलं होतं आणि वहिनींनी फक्त, चला, म्हटलं होतं. जुनी दांडी भाऊजींच्या गॅरेजमधून परत येऊन नेलपॉलिशची रेघ जागेवर आली होती. चौघींनी जाकिटं काढून एकेक करत यजमानांच्या हातांवर ठेवली, वर थर्मास, वर किल्ल्या.

तिसऱ्या वळणावर वहिनी मुद्दाम थांबल्या. मैत्रिणी म्हणाल्या, आता कशाला थांबतेस, गती जाईल. पण त्यांना तिथेच थांबायचं होतं. दोन्ही तळवे जमिनीला पुरते टेकवून त्यांनी सीटवर बसूनच श्वास घेतला, ब्रेक दाबून पेडलवर पाय ठेवला, बटण दोनदा दाबलं. तीन.

धरणाचं पाणी त्यांना आठवत होतं त्यापेक्षा कमी होतं. त्या मनोऱ्याला टेकून ते बघत असतानाच फोन वाजला. यजमान होते. खाली ऊन फार लागतंय, गाडीत बसून कंटाळा आला, अजून किती वेळ लागेल?

“सवय होईल,” वहिनी म्हणाल्या, आणि फोन ठेवला.