चार काचा, एक हँडल

मित्रांनो, आज मला पाहिलेत तर तुम्ही नाक मुरडाल. माझा एक दिवा भलत्याच गाडीचा आहे, गाद्यांना ठिगळे आहेत, आणि चार दरवाजांत मिळून काच खालीवर करायचे हँडल एकच होते. आता तेही नाही. तरी माझा जन्म साहेबलोकांसाठी झाला होता, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

मी जर्मनीची. माझा आराखडा करताना तिथल्या अभियंत्यांनी वर्षानुवर्षे डोके खाजवले. माझ्या कितीतरी बहिणी त्यांनी मुद्दाम भिंतीवर आदळल्या आणि मग माझे नाक असे बेतले, की धडक बसली तर ते चेपावे, पण आतल्या माणसाला इजा होऊ नये. दरवाजा लावला की जाड पुस्तक मिटल्यासारखा आवाज होई. इंजिन डिझेलचे. किल्ली अर्धी फिरवून पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचे, मगच ते जागे होणार. मागच्या ऐसपैस गादीवर एका कारखान्याचे व्यवस्थापक एकटेच बसत आणि प्रवासभर चकार शब्द काढत नसत. माझे सगळीकडे कौतुक होई. खरे सांगू? मी कंटाळून गेले होते.

साहेबांनी नवी गाडी घेतली आणि मला विकले. तिकडे मजुरीला गेलेल्या एका मोरोक्कोच्या माणसाने माझ्या टपावर फ्रिज आणि गाद्या बांधून मला बोटीत चढवले. मोरोक्कोत अझ्रूला, डोंगरातल्या एका गावी, मला हद्दूने घेतले आणि मी टॅक्सी झाले.

आमच्याकडे टॅक्सी सहा माणसे भरल्याशिवाय हलत नाही. पुढे दोघे, मागे चौघे. एकट्या साहेबांच्या गादीवर चौघे! पहिल्या दिवशी मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण मग कोणी मांडीवर कोंबडी घेऊन बसले, कोणी आपली भाकरी मोडून शेजाऱ्याला दिली, कडाक्याची भांडणे झाली, आणि एक लग्न तर माझ्या मागच्या गादीवरच ठरले. मला ते सगळे आवडायला लागले.

काचांची हँडले एकेक करून तुटली. उरलेले एक हद्दू आपल्या खिशात ठेवी. ज्याला वारा हवा त्याने ते मागायचे, काच खाली करायची आणि परत द्यायचे. मेकनेस शहरात अंडी विकायला जाणारी म्हातारी लल्ला यामना ते सर्वांत आधी मागायची; लल्ला म्हणजे आमच्याकडे बाई. एकदा बर्फात समोरून एक ट्रक घसरत आला आणि माझे नाक पार चेपले. पण सहाही जण धडधाकट खाली उतरले. एकही अंडे फुटले नाही, असे लल्ला यामना आजवर सांगते. ते काही खरे नाही. त्या दिवसापासून ती दुसऱ्या टॅक्सीत पाय मात्र ठेवीना.

मग सरकारचा हुकूम आला. जुनी टॅक्सी भंगारात द्या, नाहीतर परवाना जाईल. परवान्यावर हद्दूचे घर चालत होते. तो टाळत राहिला, पण शेवटचा दिवस आलाच.

आज सकाळी अड्ड्यावर दुसरा एक टॅक्सीवाला म्हणाला, "रिकामीच ने की! कशाला जिवाला घोर लावून घेतोस?"

"इतकी वर्षं भरून नेली, आज रिकामी नेऊ?" हद्दू म्हणाला. "सहा झाल्याशिवाय हलणार नाही. भाडं नको कोणाचं."

पाच जण बसले. सहावा काही येईना.

"सरका रे," म्हणत तो टॅक्सीवालाच आत घुसला. "हा आज मला रडवणार."

पिवळा दिवा विझला. माझ्या मनात आले, आज उठूच नये. पण सहा माणसे भरली होती. मी उठले.

"हद्दू, हँडल दे," पुढे खिडकीशी बसलेली लल्ला यामना म्हणाली.

"लल्ला, बाहेर थंडी मरणाची आहे!"

"माझा जीव घुसमटतोय. दे मुकाट्यानं."

तिने काच अर्ध्यापर्यंत खाली केली. मेकनेसपर्यंत कोणी कुरकुर केली नाही. भंगाराच्या आवाराबाहेर सगळे उतरले तेव्हा हद्दूने हात पुढे केला.

"हँडल?"

"कसलं हँडल?"

"लल्ला, तुमच्या झग्याला पाठीमागे शिवलेल्या टोपीत काय लोंबतंय, दिसतंय मला."

"दिसतंय तर बघत बस! गाडी देतोयस ना त्या यंत्राच्या घशात? एवढं तरी राहू दे माझ्याकडे. नाही देणार जा!"

हद्दू हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. त्याने मला एकट्याने आत आणले, किल्ली तिथल्या माणसाला दिली आणि तो निघाला. फाटकाशी पोहोचून त्याने आभाळाकडे पाहिले. बर्फाचे ढग दाटले होते. तो परत आला. लल्ला यामनाची काच उघडीच राहिली होती. त्याने दोन्ही तळवे काचेला टेकवले आणि ती इंचाइंचाने वर सरकवू लागला.

"काका, उद्या हिचा चुरा होणार," आवारातला माणूस म्हणाला. "काच कसली लावताय?"

"उद्याचं उद्या," हद्दू म्हणाला. "आज थंडी आहे."

आता बाहेर बर्फ पडते आहे. माझी गादी कोरडी आहे आणि काचेवर हद्दूच्या तळव्यांचे ठसे आहेत. मित्रांनो, जुनी वस्तू एक दिवस द्यावी लागतेच, मी काही रागावलेली नाही. फक्त देताना तिची काच तेवढी लावून या.