भिंतीवरची एकोणीस वर्षं

ज्याच्या कमरेला चर्चच्या चाव्या, तो माणूस फादरपेक्षा जेमतेम अर्धी पायरी खाली, असं चावीकाकांचं मत होतं. ही अर्धी पायरीसुद्धा ते वयाचा मान म्हणून सोडत. आणि आताचे फादर त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान निघाल्यावर तीही सोडणं त्यांच्या जिवावर आलं होतं. एकतीस वर्षं त्यांनी ते चर्च उघडलं, झाडलं आणि बंद केलं. बाकाखाली चिंधी सापडली तर ती कुणाच्या पोराची हे ते नावगावासकट सांगत. दुसऱ्याच्या चुका तोंडपाठ असणं हा त्यांचा खरा व्यवसाय. चाव्या सांभाळणं जोडधंदा.

या चुकांच्या यादीत सगळ्यात वरचा क्रमांक जावयाचा. चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत काका, त्यांची लेक आणि घरजावई असे तिघं राहत. काकू जाऊन नऊ वर्षं झाली होती. जावई रंगारी होता. काम बरं करायचा, पण सावकाश, आणि काकांना सावकाश माणूस हा आळशी माणसाचा सख्खा भाऊ वाटे. "जावईबापू, भिंत वाळेपर्यंत थांबता की म्हातारी होईपर्यंत?" हा विनोद त्यांनी सहा वर्षांत इतक्यांदा केला होता की जावई आता त्याच्या आधीच हसून मोकळा होई. एक गोष्ट मात्र तो कधी चुकवत नसे. काम सुरू करण्याआधी भिंतीचा एक फोटो आणि संपल्यावर एक, गिऱ्हाइकाला दाखवायला. काका म्हणत, स्वतःच्या कामाचा पुरावा त्यालाच लागतो ज्याच्यावर कुणाचा विश्वास नाही.

चर्चच्या उत्तरेच्या भिंतीला, तिसऱ्या खिडकीशेजारी, एक भेग होती. एकोणीस वर्षांपूर्वी ती गुडघ्याएवढी असताना काकांनी पहिल्यांदा पाहिली. तेव्हाच्या फादरांना दाखवली. त्यांनी ती नीट निरखली आणि तिच्यावर एका संताची मोठी तसबीर टांगली. भेग काही वर्षं संताच्या पाठीमागे गुण्यागोविंदाने राहिली, मग तिने चौकटीच्या वर डोकं काढलं.

काकांनी तिच्यावर पाळत ठेवली होती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सगळे घरी गेले की ते तसबीर उतरवत, भेगेच्या टोकाशी पेन्सिलीने आडवी रेघ ओढत आणि शेजारी तारीख लिहीत. रुंदी मोजायला त्यांच्याकडे चाव्याच होत्या. भेगेत कोणती चावी सरकते ते पाहायचं. सुरुवातीची काही वर्षं 'कपाटाची'. मग 'भांडारखोलीची'. काकू गेल्या त्या वर्षापासून 'मागच्या दाराची'. आणि गेल्या हिवाळ्यापासून 'मुख्य दाराची, दात्यांपर्यंत'. हे सगळं बारीक अक्षरात भिंतीवर चढत गेलं होतं. शेवटच्या नोंदींसाठी काकांना शिडी लागे. याबद्दल ते कुणाशी बोलत नसत. आपल्या राखणीत भेग पडली, ही काही मिरवायची गोष्ट नव्हे.

आणि मग पत्र आलं. परिसरातल्या सत्तावीस जुन्या चर्चची यंत्राने मोजणी होणार होती. ज्या इमारती अजूनही हलताहेत, त्यांतल्या तीन इमारतींची दुरुस्ती लगेच सुरू व्हायची. ज्यांच्याबद्दल शंका आहे पण खात्री नाही, त्या दोन वर्षं बंद ठेवून नुसत्या निरीक्षणाखाली. फादरांनी पत्र वाचून दाखवलं आणि म्हणाले, काका, जरा आवरून ठेवा. ते बाकांबद्दल बोलत होते.

काकांनी मात्र भिंतच आवरायला घेतली. पाहुणे येणार, तेही शिकलेले, आणि त्यांनी येऊन पहिली गोष्ट काय पाहायची, तर संताच्या डोक्यावरची भेग आणि भिंतीवर पेन्सिलीने केलेली रेघोट्यांची शाळा? कुणी विचारलं, भिंतीवर लिहिलं कुणी, तर? त्यांनी जावयाला बोलावलं. पुट्टी भरा, घासा, दोन हात मारा.

जावई शिडीवर चढून बराच वेळ वाचत राहिला. मग म्हणाला, "बाबा, भेग बुजवतो. पण खुणा राहू देत. तारखा आहेत यावर. उपयोगाला येतील."

"तुम्हाला रंगवायला सांगितलंय, वाचायला नाही. पाहुण्यांना काय आपल्या घरची लक्तरं दाखवायची?"

जावयाने नेहमीसारखा फोटो काढला आणि कामाला लागला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने काम दोन दिवसांत उरकलं. पॉलिश पेपरने भिंत इतकी घासली की पेन्सिलीचा एक कण उरला नाही. काकांनी हात फिरवून पाहिलं, आणि एवढं गुळगुळीत काम पाहून त्यांना जरा वाईटच वाटलं, कारण खोट काढायला जागा नव्हती.

मोजणीबाई आल्या त्या एकट्याच, सोबत एक तिपाई आणि दोन पेट्या. काळ्यापांढऱ्या चौकटींचे कागद त्यांनी ठिकठिकाणी चिकटवले, तिपाईवर यंत्र बसवलं, आणि यंत्राचं डोकं सावकाश गोल फिरू लागलं. ते फिरताना कुणी मध्ये यायचं नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. काका तीनदा आले. यंत्राच्या पडद्यावर सगळं चर्च लाखो ठिपक्यांचं झालं होतं. बाक, खांब, वेदी, खिडक्यांच्या काचा, आणि मधल्या वाटेत पुसट झालेली एक उभी आकृती. बाई म्हणाल्या, हे तुम्ही. पुसून टाकीन. काकांना ते फारसं आवडलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी फादरांना आणि काकांना पडद्याशी बोलावलं. उत्तरेची भिंत रंगांत दाखवली होती. जिथे ती सरळ तिथे हिरवी, जिथे पोट सुटलंय तिथे पिवळी, नारिंगी, आणि तिसऱ्या खिडकीशी लालभडक. चौऱ्याहत्तर मिलिमीटर बाहेर. काकांना आतल्या आत हायसं वाटलं. म्हणजे आजार मोठा आहे; म्हणजे नंबर लागणार.

बाईंनी मान हलवली. पोट सुटलंय हे खरं, पण कधी सुटलं? दोनशे वर्षांच्या भिंती अशा असतातच. कदाचित बांधल्यावर दहा वर्षांत वाकली असेल आणि तेव्हापासून मुकाट उभी असेल. यंत्र आज भिंत कुठे आहे ते केसाएवढं अचूक सांगतं. काल कुठे होती ते त्याला ठाऊक नाही. ती हलतेय हे दाखवायचं तर जुनं मोजमाप हवं, नाहीतर निदान एखादी भेग आणि तिच्यावर कुणी ठेवलेली नजर. इथे तर भेगही दिसत नाही. मग त्यांनी भिंतीवर बोट टेकवलं. "हा रंग नवा आहे ना?"

काकांना गप्प बसवेना. एकोणीस वर्षांचं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं: रेघा, तारखा, कपाटाची चावी, मुख्य दाराची चावी. कमरेचा जुडगा सोडून त्यांनी टेबलावरच ठेवला. बाईंचा चेहरा बदलला. त्यांनी एकेक चावी उचलून पाहिली. चाव्यांची जाडी मोजता येते, म्हणाल्या. म्हणजे दरवर्षीची रुंदी मिळते. असं कुणी लिहून ठेवलेलं त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. कुठे आहे ते?

तेव्हा फादर शांतपणे म्हणाले, "पुसलं कुणी?"

पुढं वर्षभर काका स्वतःला सांगत राहिले की तो प्रश्न जर बाईंनी विचारला असता, तर आपण खरं बोललो असतो. पण विचारला फादरांनी. परवाच काकांनी पडदे धुणाऱ्या बाईला सगळ्यांसमोर अक्कल शिकवली होती आणि फादर ते बाजूला उभे राहून ऐकत होते.

"जावयानं," काका म्हणाले. "मी बाजारात गेलो होतो. परत येऊन बघतो तर सगळं सफाचट. काय बोलणार? लेक दिलीय."

फादरांनी सुस्कारा सोडला. बाईंनी विचारलं, फोटो आहे का कुणाकडे? आणि त्याच क्षणी काकांना आठवलं. जावई कामाआधी फोटो काढतो. तेवढ्यात फादरांनी जावयाला बोलावूनही घेतलं होतं.

जावई रंगाचे हात पुसत आला. फादरांनी त्याला विचारलं, कुणालाही न विचारता भिंत का घासलीस? जावयाने सासऱ्याकडे पाहिलं. काका खिडकीची काच पाहत होते. जावई म्हणाला, "चुकलं." बाईंनी फोटोबद्दल विचारलं. तो पुन्हा हात पुसू लागला. बाईंनी स्वतःचा नंबर लिहून दिला आणि काकांना नीट समजावलं: शुक्रवारी संध्याकाळी अहवाल जाणार. त्याआधी कुठूनही फोटो मिळाला तर पाठवा. मात्र त्यासोबत राखणदाराच्या सहीचं पत्र हवं, खुणा कुणी केल्या, कधीपासून, आणि कशा पुसल्या गेल्या. नाहीतर फोटो कुठल्याही भिंतीचा असू शकतो.

तो बुधवार होता.

घरी जेवणं झाल्यावर काका इकडचं तिकडचं करत म्हणाले, फोनमध्ये जुने फोटो फार साठतात म्हणे, काही राहिलंय का बघायला हवं. लेकीने भांडी तशीच ठेवली, नवऱ्याचा फोन आणला आणि बापासमोर धरला. त्यात भिंत होती. प्रत्येक रेघ, प्रत्येक तारीख. मोठं केल्यावर 'मागच्या दाराची' हेसुद्धा वाचता येत होतं, आणि त्याखाली काकू गेल्या तो महिना.

जावई दारातूनच म्हणाला, "फोटो तुमचाच आहे, बाबा. पत्र लिहा, लगेच पाठवतो. फक्त पत्रात खरं लिहा."

काकांनी गुरुवारी सकाळी पत्र लिहिलं. 'काही गैरसमजामुळे सदर खुणा पुसल्या गेल्या.' जावयाने वाचून परत दिलं आणि विचारलं, गैरसमज कुणाचा? दुपारी दुसरं लिहिलं. 'घरातील व्यक्तीकडून.' लेकीने ते वाचलंच नाही. म्हणाली, "बाबा, एका ओळीचं काम आहे. मी घासायला सांगितलं, असं लिहा. कुणी फासावर नाही देणार."

"फादर वाचतील ते."

"वाचू देत."

"एकतीस वर्षं मी—"

"आणि चर्च?" लेक म्हणाली. "ते किती वर्षांचं आहे?"

काकांनी तिसऱ्या पत्राला शुक्रवारी दुपारी हात घातला. टेबलापाशी बसून त्यांनी 'मी' एवढं लिहिलं. मग पेन चालेना म्हणून झटकलं. मग डोळे दुखतात म्हणून चष्मा पुसला. मग चर्चच्या खिडक्या लावायची वेळ झाली आणि ते उठले. खिडक्या वेळेवर लावल्याच पाहिजेत, त्यात त्यांनी कधी कुचराई केली नव्हती. सगळ्या खिडक्या त्यांनी एकेक करून, कड्या दोनदा तपासून लावल्या. परत आले तेव्हा संध्याकाळ झाली होती. पत्र तसंच पडलेलं होतं. जावयाने त्या एका अक्षराकडे पाहिलं आणि फोन खिशात ठेवला.

यादी महिन्याभराने आली. त्यांचं चर्च निरीक्षणाखाली गेलं. उत्तरेच्या भिंतीवर दोन छोट्या पट्ट्या बसवल्या गेल्या. दर सहा महिन्यांनी कुणी तरी येऊन त्या वाचणार होतं. दार बंद झालं, त्यावर नवं कुलूप आलं आणि त्याची चावी कार्यालयात गेली. राखणदाराची गरज उरली नाही, पण खोल्यांत राहू दिलं, हे फादरांचं मोठेपण. लेक आणि जावई त्याच आठवड्यात बिऱ्हाड हलवून गेले. जाताना जावयाने दोन्ही खोल्यांना रंग लावून दिला.

थंडी पडल्यावर एक दिवस काकांनी खिडकीच्या काचेला नाक लावून आत पाहिलं. नव्या रंगातून, तिसऱ्या खिडकीशेजारी, केसासारखी एक रेघ वर चालली होती. दोन्ही पट्ट्यांना वळसा घालून, बरोबर जुन्या वाटेने. त्यांच्या खिशात पेन्सिल होती, पण दार उघडायला चावी नव्हती.

रस्त्याने जाणाऱ्या पडदेवाल्या बाई त्यांच्यापाशी थांबल्या. त्यांनीही आत डोकावून पाहिलं आणि चुकचुकल्या. काकांनी सांगितलेली गोष्ट एव्हाना सगळ्यांना ठाऊक होती. म्हणाल्या, इतक्या वर्षांची तुमची मेहनत, काका, आणि त्या माणसानं एका दिवसात मातीत घातली. असा जावई वैऱ्यालाही मिळू नये.

काकांनी काचेवरची वाफ बाहीने पुसली.

"चालायचंच," ते म्हणाले. "नशीब एकेकाचं."