कोणार्कला लागलेली आमटी

पंप मारू नका आणि पिनही शोधू नका. माझ्या टाकीत रॉकेलचा थेंब नाही, वायसर केव्हाच वाळून गेलाय. मी एक जुना पितळी स्टोव्ह, आपणहून बोलतोय. उभं आयुष्य नुसता भर्रर्र करत राहिलो, त्यामुळे मला काही सांगायचं असेल असं कुणाला वाटलंच नाही. आता गप्प आहे, तर चार शब्द ऐकून घ्या.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. तुम्हाला तरी तुमचं बारसं कुठं आठवतं? मला जाग आली ती कल्याणच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानात, वरच्या फळीवर. शेजारी सगळे घरगुती स्टोव्ह, चहा-पोह्यांपुरते. मी दांडगा, अख्ख्या पंगतीचं पातेलं पेलणारा. गिऱ्हाईक मला हात लावायचं, वा वा म्हणायचं आणि शेजारच्या बुटक्याला घेऊन जायचं. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी मुळातच भडक डोक्याचा.

ऐंशी सालानंतर कधीतरी सीतारामभाऊ दुकानात आले. डोंबिवलीचे. नोकरी सोडून त्यांनी नुकतीच यात्रा कंपनी काढली होती. मला खाली उतरवून, उलटासुलटा करून ते दुकानदाराला म्हणाले, “हाच द्या. याला आता सगळा भारत दाखवतो.” मी इतका हरखलो की फळीवरच्या कुणाचा निरोपसुद्धा घेतला नाही.

आणि भारत म्हणजे काय लहान आहे? खंडप्राय देश. एका टोकाला बर्फ, दुसऱ्या टोकाला नारळ, मध्ये देवळं, किल्ले, घुमट, लेणी, एका जन्मात बघून होणार नाहीत इतकी. डोंबिवली-ठाण्याची माणसं रिटायर झाली की ती बघायला निघायची. त्यांची अट एकच. दिवसा ताजमहाल चालेल, पण रात्री पानात आपलंच वरण पाहिजे. म्हणून सीतारामभाऊंच्या कंपनीत माणसांबरोबर स्वयंपाकघरही यात्रेला निघायचं. पातेली, पोळपाट, गोड्या मसाल्याचा डबा, मी, आणि आमच्या सगळ्यांची मालकीण शेवंती.

शेवंती ठाण्याच्या बाळकुमची, खाडीकाठच्या कोळ्यांची सून. नवरा धाकू होडी घेऊन खाडीत जायचा, पण पाणी नासत चाललं होतं आणि जाळ्यात मासळीपेक्षा घाणच जास्त यायची. शेवंतीनं ठाण्यातल्या एका लग्नात रांधलेलं सीतारामभाऊंनी खाल्लं आणि तिला गाठलं. बोंबील-कोलंबीवर वाढलेल्या त्या बाईच्या हाताला गोडं वरण असं काही जमायचं, की डोंबिवलीच्या आजीबाई बोटं चाटायच्या.

घरातून मात्र परवानगी मिळेना. सासू जनाबाई घरची सत्ताधारी. “पंधरा पंधरा दिवस सून परमुलखात? लोकं त्वांडात श्यान घालतील,” असं म्हणून ती अडून बसली. शेवटी धाकूनं गळ घातली तेव्हा एकदाच जा म्हणाली. ते एकदाच पुढं वर्षानुवर्षं चाललं. कसं, तेच सांगतो.

यात्रा नसली की माझा मुक्काम शेवंतीच्याच ओट्यावर असायचा. पहिल्या यात्रेहून आल्यावर जनाबाईनं अंगणात विचारलं, “काय पायलंस गो?” गल्लीतल्या साताठ बायका भोवती बसल्या होत्या. आणि शेवंती सांगू लागली. ताजमहाल चांदण्यात कसा लोण्यासारखा दिसतो, काशीच्या घाटावर दिवे कसे तरंगत जातात, जयपूरच्या वाड्याला वाऱ्यासाठी किती झरोके. बायका तोंड उघडं टाकून ऐकत राहिल्या. जनाबाईची मान हळूहळू ताठ झाली. दुसऱ्या दिवशी मासळीबाजारात तीच इतर बायकांना सांगत होती, “आमच्या सुनेनं ताजमाल पायलाय.” पुढच्या यात्रेला तिनंच शेवंतीची पिशवी भरून दिली.

आता खरं सांगतो. शेवंतीनं यातलं काहीएक पाहिलं नव्हतं.

मी तिच्याबरोबर होतो ना! आग्र्यात आम्ही पाहिला धर्मशाळेमागचा गळका नळ. काशीत काजळीनं काळी झालेली एक भिंत. खजुराहोत एक माकड, त्यानं टोमॅटो पळवले. मंडळी बसमधून देवळं बघायला जायची आणि परत आल्यावर जेवण गरम हवं असायचं. हमाल-मदतनीस मंडळींच्या सामानाबरोबर बसमध्ये. मग भांड्यांपाशी कोण थांबणार? शेवंती. रेल्वेत रॉकेल नेता येत नसे, म्हणून मी रिकाम्या पोटी प्रवास करायचो आणि गावोगावी माझी टाकी भरली जायची. त्यामुळे मला शहरं रॉकेलवरून ओळखता येतात. पाटण्याचं रॉकेल पाणचट, पहाडातलं बरं पण थंडीनं पेटायला आढेवेढे घेणारं. एवढंच माझं भारतदर्शन.

मग शेवंतीच्या गोष्टी यायच्या कुठून? पंगतीतून. हेमाताई म्हणून डोंबिवलीच्या निवृत्त मास्तरीणबाई जवळजवळ दर यात्रेला असायच्या. पानावर बसलं की पाहिलेलं सगळं पुन्हा एकदा सांगितल्याशिवाय त्यांना घास उतरत नसे. शेवंती भात वाढायच्या निमित्तानं त्यांच्यामागे रेंगाळायची. ती खोटं बोलायची असं मला कधी वाटलं नाही. डोळे मिटून घेतल्यावर तिला ते सगळं दिसतच असावं.

सगळ्यांत रंगायचा कोणार्कचा किस्सा. हेमाताई एकदा म्हणाल्या होत्या, “समुद्राकाठी सूर्याचा भलामोठा, घोडे जुंपलेला दगडी रथ आहे, आत्ता चालायला लागेल असा!” बस्स. कोळ्याच्या सुनेला समुद्राकाठ म्हणजे काय दिसणार? तिनं बाळकुमच्या अंगणात रथ थेट पाण्यात उभा केला. भरतीला लाटा चाकांना लागतात, ओहोटीला रथ वाळूवर येतो, सकाळी नाखवे पहिल्यांदा त्याला हात जोडतात आणि मग होड्या लोटतात. ऐकता ऐकता जनाबाईच्या डोळ्यांना पाणी आलं. “त्या दर्याला माजा येक नारल,” ती म्हणाली. “मरायच्या आदी ठेवीन.”

आणि एकोणनव्वदच्या हिवाळ्यात तो नारळ खरंच निघाला. पुरी-कोणार्कची यात्रा पुन्हा ठरली होती. भाजी चिरायला येणारी रंगूबाई आयत्या वेळी आजारी पडली आणि सीतारामभाऊ डोक्याला हात लावून बसले. जनाबाई म्हणाली, “मी येते. भाजी चिरायला काय शिकायला लागते?” सीतारामभाऊ खूश झाले. शेवंतीच्या हातातली उलथणी मात्र खाली पडली. सगळ्या प्रवासात तिला घास गोड लागला नाही. खरं बाहेर पडलं तर म्हातारी पुन्हा उंबरठा ओलांडू देणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि एव्हाना तिला ह्या हिंडण्याची, परक्या गावच्या पाण्याची, हेमाताईंच्या गप्पांची चटक लागली होती. खाडीकाठी चार भिंतींत परत जायच्या कल्पनेनं तिचा जीव घुसमटत होता.

पुरीला जगन्नाथाचं दर्शन जनाबाईला हेमाताईंनी घडवलं. शेवंती भांड्यांपाशी. मग कोणार्क. सुरूच्या झाडांखाली आमची चूल मांडली. मंडळी छत्र्या-टोप्या घेऊन देवळाकडे गेली. शेवंतीनं आमटीचं पातेलं माझ्यावर चढवलं. जनाबाईनं लुगडं झटकलं, पिशवीतून नारळ काढला आणि उभी राहिली.

“चल. दाव तुजा दर्या.”

शेवंती मला पंप मारू लागली. गरज नव्हती, मी चांगला पेटलो होतो.

“शेवंते, वारा दर्याचा हाय, पन लाटंचा आवाज कसा नाय? लोकं तर त्या अंगाला चाललीत. तितं पानी नाय काय नाय.”

“आये,” शेवंती म्हणाली आणि तिचा पंपावरचा हात थांबला. “माना ठावूक नाय दर्या कुठं हाय तो. मी काय पायलंच नाय.”

“हितलं नाय?”

“कुठलंच नाय. ताजमाल बी नाय. काशीचा घाट बी नाय. मी गेले तर भात कोन बगनार? वाढताना बायांचं ऐकलं ते तुमाला सांगलं.”

मला वाटलं, आता जनाबाई रडणार. पण ती पेटली, माझ्यापेक्षा जास्त. “अख्ख्या बालकुमात माना मिरवायला लावलंस! त्या बाजारातल्या गंगूबायला मी चार वेला ताजमाल सांगलाय! आता कुठं त्वांड लपवू?” बराच वेळ म्हातारीचं तोंड चालू होतं. मग तिचं लक्ष शेवंतीच्या हातांकडे गेलं. वाफेनं पोळलेले, मनगटापर्यंत डागलेले हात.

“इतकी वर्सं?” तिनं विचारलं. “इतकी वर्सं कुनी तुला जा म्हनलं नाय?”

“नाय.”

जनाबाईनं तिच्या हातातला डाव हिसकावून घेतला. “जा. पाय आनि ये. आमटी मी बगते.”

“तुमी जा आदी, आये. तुमचा नारल...”

“नारल कुठं पलत नाय. जा म्हनते ना!”

शेवंती गेली. दोनदा मागं वळून पाहिलं आणि मग अक्षरशः पळत सुटली, पोर पळते तशी.

मी आणि जनाबाई राहिलो. म्हातारीचा जन्म लाकडाच्या चुलीपुढं गेलेला. माझी आग मंद वाटली की ती पंप मारी आणि पुन्हा देवळाकडे बघत बसे. मी ओरडून ओरडून सांगत होतो, बाई, पुरे! पण माझं ओरडणं म्हणजे माझं जळणंच. आमटी बुडाला लागली, तिचा वास सुरूच्या शेंड्यांपर्यंत गेला.

शेवंती आली तेव्हा तिचा पदर खांद्यावरून घसरला होता. “काय पायलंस?” जनाबाईनं विचारलं. शेवंतीनं तोंड उघडलं. न पाहिलेलं जिनं अंगणभर मांडलं होतं, तिला एक वाक्य जुळेना. “चाक हाय,” ती म्हणाली. “माज्याहून मोठं. दगडाचं, आये. घोरे हायेत. मी हात लावला.” आणि ती हुंदके देऊन रडू लागली. “माना सांगाया येत नाय. तुमीच जा.” मग म्हातारी नारळ घेऊन गेली आणि रिकाम्या हातानं परतली.

जेवताना कुरबूर झालीच. सीतारामभाऊ नाक मुरडून म्हणाले, “शेवंतीबाई, आज आमटीला काय झालं?” उत्तर जनाबाईनं दिलं. “आज माजी सून तुमच्यासारखी देऊल बगायला गेलती. करपलेली आमटी खावा मुकाट.” हेमाताई पानाकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं ह्या बाईच्या हातचं जेवून आपण एकदाही विचारलं नाही, हे त्यांना तेव्हा कळलं असावं. त्यांनी आमटी दुसऱ्यांदा मागून घेतली.

बाळकुमला परतल्यावर अंगणात बायका जमल्या. मी ओट्यावर, अजून पोत्यातच. शेवंती सगळ्यांपुढं खरं सांगून मोकळी होणार होती, वाटेतच तिनं तसं ठरवलं होतं. ती म्हणाली, “बायांनो, त्या रथाचं मी सांगलं ते...”

“ते कमीच सांगलं तिनं,” जनाबाई मध्येच बोलली. “लाटा चाकाला नाय, पार घोर्‍यांच्या गल्याला लागतात. माज्या डोल्यांनी पायलंय. आनि पुढल्या म्हैन्यात ती रामेश्वराला चाललीय, तवा तिला जास्ती बोलवू नका, दमलीय.”

त्यानंतर प्रत्येक ठिकाणी भांड्यांपाशी पाळी लागायची. सीतारामभाऊ, हमाल, एकदा तर आग्र्यात खुद्द हेमाताई डाव घेऊन माझ्यापुढं बसल्या. शेवंतीनं ताजमहाल पाहिला. घरी येऊन ती त्याबद्दल फारसं बोलली नाही.

पुढं यात्रेत गॅस आला आणि सीतारामभाऊंनी मला कायमचं शेवंतीला देऊन टाकलं. आता मी तिच्या माळ्यावर आहे. खाली खिडकीतून खाडीपेक्षा नव्या इमारतींचे खांबच जास्त दिसतात म्हणे. जनाबाई गेली. धाकू एका सोसायटीत वॉचमन आहे.

तुमच्यापैकी कुणी यात्रेला निघालं असेल तर माझं एवढंच मागणं आहे. पाहा, मनसोक्त पाहा. पण पानावर बसलात की वाढणाऱ्या हाताला विचारा, “बाई, तुम्ही पाहिलंत का?” नाही म्हणाली तर आपलं पान बाजूला सारा आणि तिच्या हातातला डाव घ्या. आमटी लागेल. लागू द्या.