आईची व्हिटा

लॅटिनमध्ये आयुष्याला ‘व्हिटा’ म्हणतात, हे मी दरवर्षी अकरावीला जीवशास्त्र शिकवताना सांगते. व्हिटॅमिन त्यातूनच आलं. ख्रिस्ती संतांची जुनी चरित्रंही व्हिटाच, आणि नोकरीसाठी धाडतो त्या सीव्हीतला ‘व्ही’ तोच. विज्ञान, धर्म, साहित्य सगळीकडे पुरून उरलेल्या या शब्दाला माझ्या भावाने पाच मिनिटांत मूठमाती दिली.

आई गेल्यावर स्वारगेटजवळच्या विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला होता. वंदना झाली आणि समाधान, माझा थोरला भाऊ, तिचा जीवनपरिचय वाचायला उभा राहिला. पुढच्या रांगेत त्याचे हिंजवडीचे साहेब बसलेले.

“मालनबाई आदर्श गृहिणी होत्या,” त्याने सुरुवात केली. “बाबुरावांच्या कष्टांना त्यांनी मोलाची साथ दिली.”

माझं डोकंच फिरलं. आई पिंपरीच्या औषध कंपनीत पॅकिंगला होती. निवृत्त होईपर्यंत तिने व्हिटॅमिनच्या गोळ्यांचे डबे भरले. बाबांचा कारखाना बंद पडल्यापासून घर तिच्याच पगारावर चाललं. या शहाण्याची इंजिनिअरिंगची फीसुद्धा त्यातूनच गेली.

मी उठून त्याच्याजवळ गेले. “दादा, आई कामाला जायची, ते कुठे गेलं?”

“श्रद्धा, खाली बस. लोक बघतायत.”

“बघायलाच बोलावलंयस ना त्यांना?”

त्याने माईकवर हात ठेवला. “पॅकिंगला होती म्हणून सगळ्यांना सांगू?”

“नको. तू आभाळातून पडलास असंच वाटू दे साहेबांना.”

तेवढ्यात बाबा काठी टेकत उठले आणि त्यांनी माईक मागितला. आता मलाच झापणार, असं वाटलं. मीही तयार होते.

“समाधान, ते खोड,” बाबा म्हणाले. “गृहिणी मी होतो. ती कंपनीत जायची आणि मी घरी भाकरी थापायचो. दारात कुणी आलं की परात कॉटखाली सरकवायचो. ती मात्र दमून आली तरी चारचौघांत म्हणायची, घर हेच चालवतात. मी ऐकून घ्यायचो.”

समाधान खाली मान घालून उभा राहिला. मागच्या बायका डोळे पुसू लागल्या. बाबा किती मोठ्या मनाचे, असं कुणीतरी म्हणालंसुद्धा.

मला रडू आलं नाही. उलट आणखीच संताप झाला. एवढं एक वाक्य ऐकायला आई जन्मभर थांबली होती, आणि बाबांना ते तिच्या हार घातलेल्या फोटोसमोर सुचलं.