चाळीस सेकंदांतली हाक

मित्रांनो, माझा डावा कान मध्यंतरी बहिरा झाला होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण जे घडलं ते त्याच कानात घडलं. मी एक जुना हेडफोन.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. पहिलं आठवतं ते पेणच्या बाजारातलं दुकान आणि मला खोक्यातून काढणारे अक्षयचे हात. अक्षय जवळच्याच गडब गावचा. घरी भातशेती होती, पण तो धरमतर खाडीच्या जेटीवर बार्जमधला माल उतरवायला जायचा. त्याला वेड एकाच गोष्टीचं, ‘ग्रेमार्श’चं. हा परदेशातल्या एका कंपनीचा कॉम्प्युटरवरचा खेळ. धुक्यात बुडालेलं गाव, चहूकडे दलदल, आणि त्यात हरवलेल्या माणसांना नुसत्या आवाजावरून शोधायचं. म्हणून तर त्यानं मला घेतलं.

“डावीकडं का उजवीकडं, येवढं बरोबर सांग रे बाबा,” तो मला म्हणायचा. मी इमानानं सांगायचो.

त्याची बहीण अपेक्षा रोह्याला एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरीला. सुट्टीच्या दिवशी दोघं मला वाटून घेत. डावा कान त्याला, उजवा तिला. खेळाचे तीन भाग येऊन गेले होते. चौथा कुठे घडणार यावर जगभरचे चाहते इंटरनेटवर रोज वाद घालत. कोणी म्हणे नॉर्वेत, कोणी म्हणे अमेरिकेतल्या दलदलीत. अक्षयनं लिहिलं, आमच्या खाडीसारख्या जागी होणार, बघा. लोक हसले. पुढे कंपनीनंच चाहत्यांना कळवलं, की तुमच्याकडच्या पाणथळ जागांचे आवाज आम्हांला पाठवा.

“बघ गो! मी काय सांगत होतो?” अक्षय घरभर नाचला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, एका सुट्टीच्या दुपारी तो कुठे जातो ते न सांगता घरातून निघाला तो परत आलाच नाही. मोटारसायकल जेटीच्या रस्त्यावर सापडली. फोन बंद. होड्या घालून जेटीभोवतीचं पाणी आठ दिवस ढवळलं. शेवटी सगळे म्हणाले, जेटीवरून पाय घसरला असेल, ओहोटीनं नेला समुद्रात.

त्याच्या आईला, मैनाबाईला, ते पटलं नाही. “नजरंनं बघितला नाय, तं दिवस कसले घालू?” ती म्हणायची. दुपारचं त्याचं ताट ती वाढायची, संध्याकाळी झाकून ठेवायची आणि सकाळी गाईला घालायची.

मला कोणी हात लावीना. मी भिंतीवरच्या खिळ्याला लटकत राहिलो. माझ्या गाद्यांचं कातडं सुटलं, कापूस बाहेर आला. एकदा अपेक्षानं रडता रडता मला ओढून जमिनीवर आपटलं. त्या दिवशी माझा डावा कान गेला.

अशी दोन वर्षं गेली.

मग एका रविवारी जेवणं उरकल्यावर अपेक्षानं मला खिळ्यावरून काढलं. चौथ्या भागाची झलक आली होती. चाळीस सेकंदांची. चित्र नाहीच, काळा पडदा आणि नुसता आवाज. चिखलात पाय रुतल्याचा आवाज आला. लाकूड करकरलं. पाणी चढत असावं तशी बारीक खळखळ झाली. आणि मित्रांनो, अगदी शेवटी, माझ्या मेलेल्या डाव्या कानातून हाक आली.

“आये, भरती आली गो!”

अपेक्षाचे हात थंड पडले. माझ्या पट्टीपर्यंत तो गारवा आला. तिनं आणखी तीनदा लावलं. पुन्हा तीच हाक, पुन्हा डावीकडूनच. तिनं मला पिशवीत घातलं आणि सरळ रोह्याजवळचं अष्टमी गाव गाठलं.

अष्टमीला जोनाथनचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. जोनाथन बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू. त्याचे बहुतेक नातेवाईक इस्रायलला गेले, तो राहिला. अक्षयचा तो खेळातला जोडीदार. त्यानं मला उघडलं आणि आतली तार चिमट्यानं उचलून दाखवली.

“अपेक्षा, याची तार तुटलीय. हा कान बोलूच शकत नाय.”

“मी ऐकलंय, जोनाथनदादा. चार वेळा.”

त्यानं तीच झलक दुकानातल्या स्पीकरवर लावली. हाक तिथेही होती, बारीक, वाऱ्यात मिसळलेली. जोनाथननं ती आणखी एकदा लावली.

“आवाज अक्षयचाच हाय. पण या कानातनं तो कसा आला, ते मला इचारू नको.”

तोवर चाहत्यांनी अंदाजांचा डोंगर रचला होता. एकानं हाक उलटी वाजवून त्यात तारीख शोधली. एकाच्या मते ती जुनी, मेलेली भाषा होती. एकानं तर शपथेवर सांगितलं, की हा दुसऱ्या भागात बुडालेला पाद्री. अपेक्षानं तिथं लिहिलं, “ही मराठी आहे. हा माझा हरवलेला भाऊ आहे.”

ते तिनं लिहायला नको होतं. लोकांना वाटलं, ही बाई म्हणजे कंपनीनंच पेरलेलं कोडं. त्यांनी अक्षयचा फोटो शोधून काढला. ‘अक्षय कुठे आहे?’ या नावानं हजारो लोक चर्चा करू लागले. कोणी म्हणे तोच चौथ्या भागाचा नायक, कोणी म्हणे तो जिवंत आहे. घरी परक्या देशांतून फोन यायला लागले. मैनाबाईला इंग्रजी येत नाही, पण त्या बोलण्यात मुलाचं नाव कळायचं. ती फोन दोन्ही हातांनी धरून विचारायची, “कुठं हाय तो? सांगा ना, कुठं हाय?” आणि पलीकडचा माणूस हसून फोन ठेवायचा.

जोनाथननं कंपनीला पत्र लिहिलं. नवव्या दिवशी उत्तर आलं आणि सोबत मूळ आवाज, पूर्ण सहा मिनिटांचा. अक्षय हरवला त्याच दुपारी तो त्यांना पोचला होता. जोनाथन तो घेऊन गडबला आला. माझा डावा कान त्यानं आता नीट जोडला होता. अपेक्षानं मला घातलं. हाकेनंतरचं, कंपनीनं भाषा न कळल्यानं कापून टाकलेलं अक्षयचं बोलणं त्यात होतं, अगदी कानाशी.

“ही आमच्याकडची हाक. पन हितं वारा लय हाय. जुन्या उघाडीत शिरून बघतो, आत आवाज चांगला घुमतो. थांबा, दुसरा पाठवतो.”

दुसरा कधी आलाच नाही.

खाडीच्या बांधातून पाणी आत-बाहेर सोडायचा जो दाराचा बोगदा असतो, त्याला इकडे उघाडी म्हणतात. जुनी उघाडी जेटीपासून बरीच आत. नवी झाल्यापासून तिकडे कोणी फिरकत नव्हतं. बांधाची राखण करणारे महिपतीकाका ते ऐकून म्हणाले, “भरतीचं पानी बाहेरनं दार दाबतं, अन् फटींतनं आत भरतं. मग आतल्याला नाय उघडत.” दुसऱ्या दिवशी ओहोटीला ते, जोनाथन, अपेक्षा आणि पोलीस तिकडे गेले.

मी घरी होतो. काय सापडलं ते मी पाहिलं नाही, आणि परतल्यावर कोणी सांगितलंही नाही. मैनाबाईनं फक्त लेकीच्या चिखलानं भरलेल्या पायांवर पाणी ओतलं आणि विचारलं, “एकटाच होता?”

“व्हय, आये.”

त्या दुपारी ताट वाढलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर अपेक्षानं चर्चेत एकच ओळ टाकली, “तो सापडला.” पहिलं उत्तर मिनिटाच्या आत आलं, ‘म्हणजे खेळ कधी येणार?’

कंपनीनं मात्र माफी मागितली, आणि हाक ठेवायची की काढायची ते तुम्ही सांगाल तसं करू, असं कळवलं. तेव्हा मैनाबाईनं मला पहिल्यांदा डोक्यावर चढवलं. तिचे कान लहान, मी मोठा. तिनं दोन्ही हातांनी मला दाबून धरलं. तिनं हाक तीनदा ऐकली. तिसऱ्यांदा ती हळूच म्हणाली, “आले रे, बाळा.”

मग जोनाथनला म्हणाली, “चिखलात मासे धरायला गेलेल्यांना बांधावरनं अशी हाक मारतात. ऐकली का मागं परतायचं असतंय. ठेवा म्हनावं. पन हरवलेला शोधायला नको. खेळनाऱ्याला परत बोलवायला ठेवा.”

कंपनी हो म्हणाली आहे.

मित्रांनो, खेळ अजून यायचा आहे आणि चाहते अजून अंदाज बांधताहेत. तुम्हीही बांधा, त्यात वाईट काही नाही. पण एखादा आवाज तुम्हांला गूढ वाटला, तर आधी विचारा की तो कोणाचा आहे. घरातून निघताना कुठे जातो ते सांगून निघा. आणि कधी खेळता खेळता, पाणी चढायला लागल्यावर, एक पोरगा तुमच्या डाव्या कानात आईला हाक मारेल. तेव्हा पुढे काय दडलंय ते राहू द्या. मागं फिरा.