सोयाबीनची पंगत

किशनरावाच्या थोरल्या नातीचं, आरतीचं लग्न झालं, त्या उन्हाळ्यानंतरची ही गोष्ट. साल दोन हजार चोवीस. रेणापूरजवळच्या त्याच्या गावात शाळेच्या खिचडीबरोबर दर बुधवारी अंडं मिळायचं आणि माळकऱ्यांच्या लेकरांना केळं. धाकटी नात ऋतुजा केळ्याच्या पंगतीत बसायची.

पालकांच्या बैठकीत किशनराव उठून म्हणाला, "केळ्यानं काय अंगात ताकद येती? आपलं सोयाबीन साऱ्या दुनियेला जातंय, अन् आपल्याच लेकरायला न्हाई? पोतं म्या देतो. उसळ करा."

"सोयाबीन खाऊन लेकरं अंडी द्यायला लागतील, अप्पा," मागून भीमा बोलला. सगळे हसले. किशनरावाला ते हसणं झोंबलं.

मंगळवारी त्यानं घरातल्या कोपऱ्यातलं पोतं उचललं आणि शाळेत नेऊन टाकलं. बायको कस्तुराबाई नव्या जोडप्याला घेऊन माहूरला गेली होती, विचारायला घरी कुणी नव्हतं. दाणा पिवळाधमक, धुतल्यासारखा. त्याला वाटलं, तिनं निवडून ठेवलेला असंल.

बुधवारी तो शेतात कोळपत होता. माहूरहून फोन आला.

"दर्शन झालं बरं का. आवो, कोपऱ्यातल्या पोत्याला हात लावू नका. पेरून उरलेलं बी हाय ते. आपल्या गड्यानं, बालाजीनं फवारणीचं औषध चोळलंय त्याला. टाकायला जीव होईना म्हणून मी धुऊन वाळवलं, पर वास काही जाईना."

किशनरावानं फोन तोडला. त्यानं गुरुजींना फोन लावला. नुसताच वाजत राहिला. बैल तिथंच सोडून त्यानं मोटारसायकलला किक मारली. जेवणाची सुट्टी झाली असणार. आधी प्रार्थना, मग घास, एवढाच काय तो आधार होता. चिखलात गाडी घसरली, गुडघा फुटला, तसाच उठून तो निघाला.

व्हरांड्यात दोन पंगती बसल्या होत्या. ताटं वाढलेली, एकीत अंडी, एकीत उसळ. लेकरं हात जोडून, डोळे मिटून प्रार्थना म्हणत होती, आणि ती संपत आली होती. किशनराव चपलेसकट पंगतीत शिरला. ऋतुजाचं ताट लाथेनं उडवलं. मग शेजारचं, मग त्याच्या पुढचं, असं उसळीचं शेवटचं ताट उडेपर्यंत. लेकरं रडायला लागली.

"किशनराव, अन्नाला लाथ?" गुरुजी धावत आले.

फाटकापाशी भीमा उभा होता. "अंड्याचा वास आला का अप्पा तुमच्या पंगतीला?"

किशनराव थबकला. "व्हय, आला" म्हणून सुटता आलं असतं. माळकरी माणूस, तापट, म्हणून लोकांनी सोडून दिलं असतं. उसळ सांडलीच होती.

"म्या दिलेलं सोयाबीन इखारी हाय," तो म्हणाला. "बियाचं हाय, औषध लावलेलं. कुणी खाल्लं का सांगा."

भीमाचं हसू विरलं. किशनरावानं एकेका लेकराचा जबडा उघडून पाहिला. कुणाच्या तोंडात दाणा नव्हता. त्याचा जीव भांड्यात पडतोय, तोच त्याला शाळेची रीत आठवली. लेकरांच्या आधी स्वयंपाकीणबाईनं खाऊन बघायचं.

"चव कुणी घेतली?"

स्वयंपाकखोलीच्या भिंतीला टेकून स्वयंपाकीण सरजाबाई बसली होती. घामानं निथळत होती, पदरानं तोंडाची लाळ पुसत होती.

"म्याच घेतली, अप्पा. वास येत व्हता जरा. म्हनलं, सोयाबीनचा आसाच आसंल. आपल्या घरी कुठं कुणी शिजवतंय ते? पिकवतो अन् आडतीला घालतो. लेकरं तोंड वाकडं करतील का, म्हनून वाटीभर खाऊन बघितलं."

भीमानं जीप आणली. किशनरावानं तिला दोन्ही हातांवर उचललं. वाटेत तिला नीट दिसेनासं झालं, तरी ती विचारत होती, "उसळ पुरून टाकली का? कुत्री खातील."

"पुरली," किशनराव म्हणाला. पुरली का नाही, त्याला ठाऊक नव्हतं.

सरजाबाई त्याच बुधवारी, दिवस मावळायच्या आधी, लातूरच्या दवाखान्यात वारली.